मेतुआची एकतिसावी गाडी

वाहन नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज. अर्जदाराचे नाव: मेतुआकोरे तुताई. वय: त्रेसष्ट. राहणार: अरोरांगी, रारोटोंगा. घर क्रमांक: नाही, चर्चच्या पुढे एका मैलावर, समुद्राच्या बाजूला, अंगणात दोन थडगी, त्यांतले एक रंगवलेले. व्यवसाय: मोटारी भाड्याने देणाऱ्या कचेरीत पुढचे टेबल. चालक परवाना: सर्व प्रकारच्या वाहनांचा. मालकीचे वाहन: एक, लहान, पांढरे. यापूर्वीचा मालक: वरील कचेरी. वाहन सध्या कोणाच्या ताब्यात आहे: केवळ अर्जदाराच्या, अन्य कोणाच्याही नाही.

शेवटचा रकाना सोडला तर या अर्जातली सगळी माहिती खरी आहे.

मेतुआ विमानतळासमोरच्या त्या कचेरीत तेवीस वर्षं बसला. विमान उतरलं की तो शर्टाचं वरचं बटण लावायचा आणि पाहुण्यांना किल्ल्या द्यायचा. सोबत एक भाषण असे. "रस्ता एकच आहे. समुद्र डाव्या हाताला ठेवून निघालात तरी इथंच याल, उजव्या हाताला ठेवून निघालात तरी इथंच याल. मध्ये डुकरं आडवी आली तर त्यांना आधी जाऊ द्या, ती इथली आहेत." पाहुणे हसायचे. मेतुआ हसत नसे, कारण तो विनोद करत नव्हता.

कचेरीच्या एकतीस गाड्या होत्या. जपानहून जुन्या म्हणून आणलेल्या, सगळ्या एका मापाच्या, सगळ्या पांढऱ्या. मालकीणबाई मोएरोआ हिनं एकाच बोटीतून एकाच रंगाच्या घेतल्या, म्हणजे रंगाच्या डब्यात बचत. गाडी सुरू केली की आतून एक जपानी बाई गोड आवाजात काहीतरी सांगायची. ती काय सांगते हे बेटावर कोणालाच ठाऊक नव्हतं, पण सूर काळजीचा होता एवढं सगळ्यांना पटलेलं.

दुसऱ्या कोणालाही या गाड्या ओळखता येत नसत. मेतुआला येत. नऊ नंबरात एका जर्मन जोडप्याचं भांडण झालं होतं, तेव्हापासून तिचं डावं दार जोरात लागायचं. सतरा नंबरात एक बाई बाळंत व्हायच्या बेतात आली होती. ती गाडी मेतुआ पुढे हळू चालणाऱ्या माणसांना देई. एकतीस नंबर एका ऑस्ट्रेलियन तरुणानं मुरीच्या खाडीत घातली होती. होड्या उतरवायचा उतार त्याला रस्ता वाटला. पाणी सीटपर्यंत आलं. गाडी वाचली, पण जपानी बाईची वाचा गेली ती गेलीच.

मेतुआकडे स्वतःची गाडी नव्हती, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. आमच्याकडे मोटार ही पाहुण्यांची गोष्ट. इथल्या माणसाला स्कूटर पुरते: पुढे कुत्रा, मागे बायको, बायकोच्या मांडीवर केक. सामान असेल तर कोणातरी भावाचा ट्रक असतोच. तरुण माणसानं गाडी घेतली की लोक विचारायचे, "लग्न का?" वयस्क माणसानं घेतली की विचारायचे, "निवडणूक का?" तिसरं कारण कोणाला सुचत नसे. आणि गाडी, ट्रक, स्कूटर, काहीही असो, किल्ली त्यातच राहायची. खिशात घालून फिरलात, तर ज्याला गाडी हवी आहे त्यानं तुम्हाला कुठं शोधायचं?

मग मार्च महिन्यात विमानं थांबली.

रोग आमच्याकडे आला नाही. बंदी तेवढी आली. काही आठवडे चर्चसुद्धा बंद होतं. मग उघडलं, पण आकाश बंदच राहिलं. एकतीस पांढऱ्या गाड्या नारळाखाली रांगेत उभ्या. खारा वारा त्यांना आतून खाऊ लागला आणि वरून नारळ पडू लागले. मे महिन्यात मोएरोआबाई आल्या, चार नंबरच्या टपावर पडलेला खड्डा बघितला आणि म्हणाल्या, "मेतुआ, विकून टाक."

"कोणाला?"

"कोणालाही. पाहुणे नाहीत तर घरच्यांना."

"घरच्यांना कशाला हव्यात? एक डुलकी काढली तर तेवढ्यात बेटाला फेरी होते."

"ते तू बघ. तुझा पगार मी अर्धा केलाय, मला माहितीय. तीस गाड्या विकून दे. एकतिसावी तुझी."

संध्याकाळी मेतुआनं ही गोष्ट घरी सांगितली, आणि बायको अकाइती हातातली रुकाऊची, अळवासारखी पानं खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. हे कधी होत नसे. पानं निवडताना ती भूकंप झाला तरी खाली ठेवणारी नव्हे.

अकाइतीची गोष्ट अशी. अरोरांगीच्या चर्चमध्ये वरच्या पट्टीतला आवाज तिचा. पुरुष खालून घुमत असतात, बायका मधून उचलतात, आणि मग अचानक या सगळ्यांच्या डोक्यावरून एकच आवाज तीर मारल्यासारखा जातो, तो अकाइतीचा. तीस वर्षं. फेब्रुवारीत ती स्कूटरवरून पडली. तिचा खुबा दुखावला. पाय जुळून आला, पण स्कूटरवर टाकता येईना, आणि मैलभर चालवेना. बस रविवारी धावत नव्हती. चर्च उघडलं, आणि अकाइती घरी.

तिला न्यायला माणसं नव्हती असं नाही. उलट एक बाई दर रविवारी यायची. तेपाएरू, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन तायरीची बायको. नवऱ्याचा ट्रक फाटकाशी थांबवून ती रस्त्यावरूनच ओरडायची, म्हणजे आजूबाजूच्या चार घरांना तिचं पुण्य ऐकू यावं.

"अकाइती! चल गं! मागच्या हौद्यात गादी टाकलीय तुझ्यासाठी!"

"तुम्ही जा! माझा पाय आज दुखतोय!"

"काल तर बाजारात होतीस!"

"कालचा पाय वेगळा!"

ट्रक जायचा. चर्चमध्ये वरच्या पट्टीतली ओळ आता तेपाएरू गात होती. वारा जमिनीकडून असला तर ती अकाइतीच्या ओसरीपर्यंत ऐकू यायची, आणि अकाइती प्रत्येक ओळीनंतर एकच शब्द बोलायची: "खाली." म्हणजे सूर.

"तिच्या ट्रकमध्ये डुकरांच्या जागी बसून मी देवाकडे जाणार नाही," ती मेतुआला म्हणाली. "जाईन तर स्वतःच्या गाडीतून. पुढच्या सीटवर. टोपी घालून."

तर मेतुआला तीस गाड्या विकायच्या होत्या, त्या एवढ्यासाठी.

पहिला महिना एकही गेली नाही. मेतुआला विकता येत नव्हतं असं मोएरोआबाईंचं मत. त्याचं म्हणणं, तो माहिती देत होता.

"चालते का?" लोक विचारायचे.

"चालते. चढावर कुरकुरते. पण चढ आपल्याकडे एकच, इस्पितळाचा. तिथं कुरकुरत गेलेलंच बरं."

"गंज?"

"आहे."

"कुठं?"

"वाकून बघता का? नका बघू, मीच सांगतो. सगळीकडे."

लोक त्याचे आभार मानून स्कूटरवर बसून घरी जायचे.

पहिली गाडी जूनमध्ये गेली, आणि ती घेतली तायरी आणि तेपाएरू यांनी. झालं असं की त्यांच्या पुतण्याचं लग्न ऑकलंडला होतं. दोघांची तिकिटं, शिवाय नवे कपडे, शिवाय पेटीभर तारोचे कंद, एवढ्याची तयारी दोन वर्षं चाललेली. विमानं बंद झाली, लग्न फोनच्या पडद्यावर झालं, तेही मध्येच अडकलं. नवरीनं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. तिकिटांची रक्कम परत आली आणि घरात बसून राहिली. तेपाएरूला बसून राहिलेली रक्कम बघवत नसे.

"बावीस नंबर घ्या," मेतुआ म्हणाला. "हवा फक्त डावीकडून थंड येते."

"मी डावीकडेच बसते," तेपाएरू म्हणाली. तायरीकडे कोणी बघितलं नाही.

त्या रविवारी दुपारी दोघं नव्या कपड्यांत, पुतण्याच्या लग्नासाठी शिवलेल्या, बेटाला फेरी मारून आली. पन्नास मिनिटं लागली. परत आल्यावर तेपाएरू सगळ्यांना सांगत सुटली की माटावेराकडची झाडं किती वाढलीयत, टिटिकावेकाचे लोक किती चांगले आहेत. ती टिटिकावेकाचीच. पण काचेतून बघितल्यावर माहेरसुद्धा परदेश दिसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग लागली रांग. प्रत्येक घरात एक न झालेला प्रवास होता. कोणाचं सिडनीचं बारसं, कोणाची ऑकलंडची शस्त्रक्रिया, कोणाचा नुसताच दरवर्षीचा रुसवा, जो लेकीकडे जाऊन काढायचा असतो. ते सगळं आता चाकांवर आलं. शिवाय बसमध्ये दोन हात लांब बसा असा सरकारी फलक लागला होता, आणि दोन हात लांब बसायचं तर गप्पा ओरडून माराव्या लागत. त्यात लोकांच्या घरगुती गोष्टी फार पसरल्या. गाडी बरी, असं सभ्य माणसांना वाटू लागलं. निवडणूक का, असं आता कोणी विचारीना. "तुझी कुठली?" असं विचारू लागले. पांढरी, असं उत्तर यायचं.

'माझी गाडी' हा शब्दप्रयोग त्या जून-ऑगस्टच्या हिवाळ्यात बेटावर रूढ झाला. माझ्या गाडीत चिखलाचे पाय नकोत. माझ्या गाडीत मासे नकोत. लोकांनी आरशाला शिंपल्यांच्या माळा लावल्या, सीटवर आज्यांनी शिवलेल्या रजया घातल्या. गाड्यांना आशीर्वाद देता देता पाद्रीबुवा थकले. ऑगस्टमध्ये त्यांनी अकरा गाड्यांसाठी मिळून एकच प्रार्थना केली आणि आमेन म्हणून जेवायला गेले.

आणि एक दिवस तेपाएरूनं चर्चबाहेर बावीस नंबरला कुलूप लावलं. किल्ली फिरवली, दार ओढून बघितलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. आजूबाजूला अशी शांतता पसरली की खेकडे ऐकू यावेत.

"कुलूप? कोणापासून?" कोणीतरी विचारलं.

"कोणापासून नाही. गाडीला असतं म्हणून."

मेतुआनं हे घरी सांगितलं तेव्हा अकाइती फक्त म्हणाली, "कुलूप तिच्या तोंडाला लावायला हवं होतं. सूर तरी वाचला असता."

सप्टेंबरअखेर तीस गाड्या गेल्या. नारळाखाली एकटी एकतीस नंबर उरली, आणि नेमकी तेव्हा तेपाएरू कचेरीत आली. लेकीसाठी दुसरी गाडी हवी होती. तिनं मोएरोआबाईंना आकडा सांगितला. आकडा ऐकून बाईंनी चष्मा काढून पुसला.

"मेतुआ," बाई म्हणाल्या, "मी तुला शब्द दिलाय. पण कागद अजून केले नाहीत. तूच दाखव तिला गाडी. मग बघू."

मेतुआनं तिला नारळाखाली नेलं.

"ही खाडीत बुडाली होती," तो म्हणाला.

"कुठपर्यंत?"

"जिथं तू बसशील तिथपर्यंत. पाऊस पडला की आत मासळीचा वास येतो. कुठली मासळी ते महिन्यावर आहे. डावीकडची काच खाली होत नाही. आतली बाई बोलत नाही."

"का बोलत नाही?"

"बुडालेली माणसं बोलत नाहीत, तेपाएरू."

तेपाएरूनं गळ्यातल्या क्रॉसला हात लावला आणि लेकीला स्कूटरच बरी दिसते असं ठरवलं. मेतुआ तेवीस वर्षं खरं बोलत आला होता. त्यातून त्याचा फायदा झाला तो हा पहिलाच. त्याच दुपारी कागद झाले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी अकाइती पांढरा पोशाख आणि तियारेची फुलं खोचलेली विणलेली टोपी घालून पुढच्या सीटवर बसली. मैलभराचं अंतर मेतुआनं इतकं हळू कापलं की चालत निघालेली दोन म्हातारी माणसं बरोबर पोचली. चर्चबाहेर नऊ पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. ही दहावी. मेतुआनं किल्ली गाडीतच ठेवली, दार उघडून बायकोला उतरवलं. सगळं अरोरांगी बघत होतं. अकाइतीनं कोणाकडे बघितलं नाही. सात महिने ती याचीच तालीम करत होती.

आत तेपाएरू पहिल्या ओळीत, नेहमीच्या जागी. अकाइती दुसऱ्या ओळीत बसली. पुरुषांनी खालून घुमायला सुरुवात केली, बायकांनी उचललं, आणि मग तो आवाज गेला. तेपाएरूनं तोंड उघडलेलं होतं, पुतण्याच्या नवरीसारखं. ते तिनं सावकाश मिटलं.

उपासना संपल्यावर बायका अकाइतीभोवती गोळा झाल्या, गालाला गाल लावणं सुरू झालं. त्यात पाऊण तास गेला. मेतुआनं तोवर गाण्याची पुस्तकं कपाटात लावली. दोघं बाहेर आली तेव्हा सगळे रविवारच्या जेवणाला घरी गेले होते. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीला लागून एकच पांढरी गाडी उभी होती. मेतुआनं दार ओढलं. उघडेना.

"कुलूप आहे," तो म्हणाला.

"आपल्याला?"

मेतुआ मागे सरला, गाडीकडे बघत राहिला. "ही आपली नाहीच. ही बावीस."

अकाइतीनं पायरीवर बसकण मारली आणि फोन लावला.

"तेपाएरू, कुठायस?"

"घरी आलो की आत्ताच. जेवणासाठी उमूची भट्टी उघडतोय. अगं छान गायलीस हो, पाय बरा दिसतोय."

"गाडीतून गेलीस?"

"मग काय पोहत?"

"कोणाच्या?"

"आमच्या."

"चालवली कोणी?"

"तायरीनं. तोच चालवतो, मी बोलते."

"तुझ्या गाडीची किल्ली कुठाय?"

"माझ्या पर्समध्ये. कुलूप लावते ना मी, तुमच्यासारखी..."

"पर्समध्ये आहे?"

"ही काय, हातात आहे."

"मग तायरीनं गाडी कशानं चालवली?"

फोनवर बराच वेळ नुसता उमूचा धूर ऐकू आला. मग लांबून तायरीचा आवाज. "तरी मला वाटलं, ती बाई आज बोलली कशी नाही! म्हटलं, रविवार आहे म्हणून गप्प असेल!"

वीस मिनिटांनी एकतीस नंबर चर्चपाशी परत आली. या वेळी चालवत तेपाएरू होती. तायरीला तिनं उमूतल्या मांसावरची पानं सोडवायला घरी ठेवला होता. ती उतरली नाही. नुसतं पलीकडचं दार उघडून धरलं.

"बस," ती म्हणाली. "सोडते तुला."

अकाइतीनं गाडीकडे बघितलं, मेतुआकडे बघितलं, टोपी सारखी केली. मग आपल्या स्वतःच्या गाडीत, पुढच्या सीटवर, तेपाएरूनं दिलेली सोबत घेऊन ती घरी आली. मेतुआच्या हाती बावीसची किल्ली आली. तो मागून थंड हवा खात आला, डावीकडून. रस्ताभर पुढच्या गाडीत दोघी बोलत होत्या. फाटकाशी आल्यावरही उतरेनात. मेतुआनं जवळ जाऊन ऐकलं. काच खाली होत नसल्यामुळे स्पष्ट कळलं नाही, पण तेपाएरू एक ओळ म्हणत होती आणि अकाइती बोटानं वर, वर, असं दाखवत होती.

पुढच्या रविवारी तेपाएरू मधल्या बायकांत जाऊन बसली. गाडीला तिनं कुलूप लावलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही.

पोलिसांनी मात्र त्यानंतर एक पत्रक काढलं: वाहनातून उतरताना किल्ली सोबत घ्यावी, वाहन क्रमांक वाचून मगच वाहनात बसावे. पत्रक लोकांना आवडलं. ते दुकानात लावलं गेलं. किल्ल्या होत्या तिथंच राहिल्या. कोणी दुसऱ्याची पांढरी घेऊन गेलं, तर तो दुसरा तिसऱ्याची घेऊन जाई. मेतुआला फोन आला की तो आवाजावरून सांगे, "डावं दार आपटतं का? मग नऊ. ती निकाओच्या सुताराची. राहू दे, तो सध्या चारमध्ये आहे." शिंपल्यांच्या माळा आणि रजया तेवढ्या लोक आपल्या आपण काढून पुढच्या गाडीत नेत. 'माझी गाडी' हा शब्दप्रयोग राहिला, फक्त त्याचा अर्थ 'मी बसलोय ती' असा झाला.

दोन वर्षांनी विमानं आली. मोएरोआबाई लगबगीनं मेतुआकडे आल्या. जपानहून बोट यायला चार महिने, आणि पाहुणे दाराशी.

"मेतुआ, एकतीस नंबर परत दे मला. तेपाएरूनं सांगितलेल्याच्या दुप्पट देते."

"वास येतो तिला."

"येऊ दे. पाहुण्यांना समुद्रच हवा असतो."

"देईन की," मेतुआ म्हणाला. "सापडली की लगेच."

त्याच आठवड्यात त्यानं पोलीस कचेरीत जाऊन नोंदणीचा अर्ज भरला. शेवटचा रकाना भरताना तो थोडा थांबला, मग स्वच्छ अक्षरात लिहिलं: केवळ अर्जदाराच्या, अन्य कोणाच्याही नाही. बाहेर सतरा नंबरात अकाइती टोपी घालून बसली होती, गाण्याच्या तालमीला उशीर होत होता.

एकतीस नंबर मंगळवारपासून माटावेरात आहे.